चारशे दोन मीटरांचा दम

मोंढा नाक्याच्या आतल्या गल्लीत माझ्या भाच्याचं गॅरेज आहे. स्कूटर दुरुस्तीला दिली की मी तिथंच एका आडव्या टाकलेल्या टायरवर बसून वाट पाहतो. चहा येतो, पोरं जमतात. २००९ च्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी तिथं दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती सात-आठ पोरांचा जोरात वाद चालला होता. एक होती होंडा सिटी, दीड लिटरच्या व्हीटेक इंजिनाची. दुसरी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. शहराला लागून असलेल्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया बांधली जाऊ लागली होती. तिचीच २००४ साली आलेली ही चपळ बहीण. वाद एवढाच, की सरळ रस्त्यावर चारशे मीटरांत पुढे कोण जाईल.

आता तुम्ही म्हणाल, शेरोशायरी करणाऱ्या माणसाला यात काय कळणार? मलाही तेच वाटत होतं. पण दोन्ही बाजू इतक्या पोटतिडकीनं बोलत होत्या, की मी भाच्याला विचारलं, या दोन गाड्यांत असा फरक तरी काय आहे? हात पुसत तो म्हणाला, "मामू, ये अपने दम पे भागती, और वो दम भरवा के."

'दम' हा शब्द ऐकला आणि मी टायरवर नीट बसलो. दम लागतो, दम खातो, दम धरतो, दम देतो. आपल्या दख्खनच्या मराठीत आणि उर्दूत या एका शब्दावर किती ओझं आहे! इंजिनाच्या बाबतीत तो अगदी शब्दशः लागू पडतो, हे मला त्या दुपारी समजलं. पुढची काही वर्षं मी भाच्याला प्रश्न विचारत राहिलो, पुस्तकं चाळली. जे समजलं ते माझ्यासारख्याच, बॉनेटखाली कधी न डोकावलेल्या माणसांसाठी सांगतो.

मोटार पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो. हे अर्धंच खरं. एक लिटर पेट्रोल नीट जाळायचं तर सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल काय, पंपानं हवं तितकं आत सोडता येतं. अडतं ते हवेपाशी. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्या वजनानं आत शिरते. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर ते मिनिटाला जास्तीत जास्त सहा हजार लिटर हवा ओढतं. दहा बाय दहाची खोली पाच मिनिटांच्या आत रिकामी होईल, एवढा हा श्वास. यापेक्षा जास्त ताकद हवी तर जास्त हवा आत घ्या. त्याचे मार्ग तीन: इंजिनच मोठं करा, तेवढ्याच इंजिनाला जास्त वेगानं फिरवा, किंवा हवा दाबून आत कोंबा.

होंडानं दुसरा मार्ग धरला. जोरात फिरणाऱ्या इंजिनाची अडचण अशी, की व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा वेळ फार थोडा मिळतो, हवेला आत शिरायला फुरसत होत नाही. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवले तर कमी वेगात गाडी धडपडते. १९८९ साली होंडाच्या इंटेग्रा गाडीत व्हीटेक आलं, त्यात यावर तोड होती: कमी फेऱ्यांना एक कॅम, जास्त फेऱ्यांना दुसरा, आणि बदल आपोआप. १.६ लिटरच्या त्या इंजिनातून १६० अश्वशक्ती निघाली. १९९९ ची होंडा एस२००० तर दोन लिटरमधून २५० काढायची आणि नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जायची. बाहेरून कुणाचीही मदत नाही. अशा इंजिनाला मोटारवाले 'नैसर्गिक श्वासाचं' म्हणतात. माझ्या भाच्याच्या भाषेत, अपने दम पे.

तिसरा मार्ग टर्बोचा. तो समजावून सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. आपली पाणचक्की आठवा. शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंचावरून पात्यांवर सोडलं, पाती फिरली, त्यांच्या दांड्यावर बसवलेलं जातं फिरलं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-प्रवाशांसाठी दळण निघालं. जातं ओढायला ना माणूस, ना बैल. टर्बो म्हणजे मुठीएवढी पाणचक्की. फरक इतकाच, की तिच्या पात्यांवर पाण्याऐवजी इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर सोडलेला असतो. पेट्रोलमधल्या शक्तीचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा भाग या धुरातून फुकट जात असतो. त्या धुरानं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये घालतं. ही चाकं मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतात. हवेचा दाब दुप्पट झाला तर तेवढ्याच सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा मावते. दाबलेली हवा तापते आणि तापली की पुन्हा विरळ होते, म्हणून मध्ये तिला थंड करणारी जाळी बसवतात, तिला इंटरकूलर म्हणतात.

कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्यानं १९०५ साली तिचं पेटंट मागितलं. पुढे विमानं आली आणि उंचावरच्या विरळ हवेत त्यांची इंजिनं धापा टाकू लागली. तेव्हा अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये एक विमानाचं इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक नावाच्या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर २३० वर आलं. टर्बो जोडला, तर ३५६! ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या हवेचा विषय निघेल तेव्हा ती लागणार आहे.

पण पाणचक्कीची एक खोड आहे. पाणी सोडलं की चाक लगेच पूर्ण वेगानं फिरत नाही. टर्बोचंही तसंच. ॲक्सिलरेटर दाबला, की आधी धूर वाढायला हवा, मग चाक वेग घेणार, मग हवेचा दाब चढणार, मग ताकद. तोवर दम धरावा लागतो. जुन्या टर्बो गाड्यांत हा उशीर एखाद्या सेकंदाचा, कधी त्याहून जास्त असे. आणि मग सगळी ताकद एकदम यायची.

या उशिराबद्दल बोलताना मला थांबावंसं वाटतं. त्या दुपारच्या वादात सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा एक मुलगा होता. त्यानं पुढे आपल्या लहानशा मोटारीला बाहेरून टर्बो बसवून घेतला. २०११ च्या पावसाळ्यात, रात्री, बायपासवर दुसऱ्या एका गाडीशी त्याची शर्यत लागली. शेजारी बसलेला मित्र वाचला, त्यानं नंतर सांगितलं: दाबलं तर गाडी उचलेना, म्हणून यानं आणखी दाबलं, आणि मग टर्बोचा जोर आला तो ओल्या रस्त्यावर. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, स्टिअरिंग हलकं पडलं, गाडी दुभाजकावर गेली. बावीस वर्षांचा होता. माझ्या भाच्यानं त्यानंतर कितीतरी दिवस गॅरेज उघडलं नाही. ज्या चारशे मीटरांचा वाद ही पोरं घालत होती, ते मोजायची खरी जागा कोणती आणि तिथं काय मोजतात, हे मी त्यानंतर जास्त लक्ष देऊन वाचू लागलो.

ड्रॅग शर्यतीचं अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. सरळ पट्टी, दोन गाड्या, समोर खांबावर दिवे: पिवळे, मग हिरवा. यात तीन आकडे निरनिराळे असतात आणि पोरं नेमकी त्यांचीच गल्लत करतात. पहिला, हिरवा दिवा लागल्यापासून तुम्ही किती वेळानं हललात. दुसरा, गाडी जागेवरून हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत लागलेला वेळ; घड्याळ दिव्यापाशी नव्हे, चाक हलल्यावर सुरू होतं. तिसरा, रेषा ओलांडतानाचा वेग. याशिवाय पहिल्या साठ फुटांचा वेळ वेगळा नोंदतात. जाणकार आधी तोच पाहतात, कारण पहिल्या साठ फुटांत गमावलेला वेळ पुढे भरून निघता निघत नाही. शेवटचा वेग इंजिनाच्या ताकदीबद्दल सांगतो. एकूण वेळ मात्र ताकद, टायरची पकड आणि चालवणाऱ्याचा पाय या सगळ्यांचं मिळून सांगतो.

आता पोरांच्या आवडीच्या जपानी गाड्यांकडे येऊ. २००१ सालच्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटानं आणि संगणकावरच्या खेळांनी आपल्याकडच्या पोरांनाही सुप्रा, स्कायलाइन ही नावं पाठ करून दिली होती. जपानात १९८९ पासून २००४ पर्यंत कंपन्यांचा एक आपापसातला समझोता होता: कागदावर २८० अश्वशक्तीच्या वर कुणी जायचं नाही. त्यामुळे निसानची १९८९ ची स्कायलाइन जीटी-आर, २.६ लिटर आणि दोन टर्बो, कागदावर २८०. होंडाची १९९० ची एनएसएक्स, तीन लिटर आणि नैसर्गिक श्वास, तीही २८०. कागदावर जुळ्या बहिणी. पट्टीवर मात्र कागद पळत नाही.

तुलना स्वच्छ हवी असेल तर एकच गाडी दोन्ही रूपांत मिळाली पाहिजे. ती मिळते, टोयोटाच्या १९९३ च्या सुप्रात. एकच शरीर, तेच तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. एक टर्बोविना, दुसरी दोन टर्बोंसह. अमेरिकेत विकलेल्या टर्बो सुप्राची ताकद ३२० अश्वशक्ती, साधीची सुमारे २२०. पाव मैलाला टर्बोला साधारण साडेतेरा सेकंद लागतात, साधीला पंधराच्या आसपास. दीड सेकंद म्हणजे काय? टर्बो सुप्रा रेषा ओलांडते तेव्हा साधी सुप्रा साठेक मीटर मागे असते. इथं वादाला जागाच नाही.

पण एवढ्यावरून 'टर्बो नेहमीच जिंकतो' असं म्हणणाऱ्यांना दुसरी जोडी दाखवावी लागते. २०१० च्या सुमारास भारतात दोन जपानी स्पोर्ट्‌स मोटारी विकायला आल्या. मित्सुबिशीची लान्सर इव्हो टेन: दोन लिटर, टर्बो, २९५ च्या आसपास अश्वशक्ती. निसानची ३७०झेड: ३.७ लिटर, टर्बो नाही, सुमारे ३३०. दोघींचाही पाव मैलाचा वेळ साडेतेरा ते चौदा सेकंदांच्या दरम्यान. म्हणजे जवळजवळ दुप्पट इंजिन आणि एक टर्बो यांचा हिशेब बरोबरीत सुटला. गंमत पुढेच आहे. सुटताना इव्हो पुढे असते, रेषा ओलांडताना ३७०झेडचा वेग जास्त असतो. टर्बोला उशीर लागतो म्हणालो ना, मग इव्हो सुटताना पुढे कशी? कारण तिची ताकद चारही चाकांना जाते आणि ३७०झेडची फक्त मागच्या दोन. शिवाय चालवणारा उभ्या गाडीला आधीच रेस देऊन टर्बोचं चाक फिरतं ठेवतो. कितीतरी वेळा टर्बो जिंकला असं लोक म्हणतात, तेव्हा खरं तर चार चाकं जिंकलेली असतात. निसानच्या पुढच्या जीटी-आरमध्ये तर दोन टर्बो, चार चाकांना ताकद आणि क्षणात गिअर बदलणारी यंत्रणा हे सगळं एकत्र आलं. २००७ साली आलेल्या या गाडीनं पाव मैल बारा सेकंदांच्या आत गाठला. भारतात ती २०१६ च्या अखेरीस आली, किंमत दोन कोटींच्या घरात. मोंढा नाक्यावर ती चित्रातच राहिली.

नैसर्गिक श्वासाच्या गाडीचं वेगळं आहे. एस२०००ला पाव मैलाला चौदा सेकंदांच्या आसपास लागतात, पण ते चालवणाऱ्याकडून वसूल होतात. तिची ताकद फेऱ्यांच्या वरच्या टोकाला बसलेली. सुटताना पाच-सहा हजार फेऱ्यांवर क्लच सोडायचा, टायर किंचित घसरू द्यायचे, पण जळू द्यायचे नाहीत, आणि प्रत्येक गिअर नऊ हजाराला टेकवून बदलायचा. दोन हजार आधी बदलला, की गाडी एखाद्या संसारी सेदानसारखी वागते. मात्र पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि तेव्हाच ती देते. माझा कल कुठं आहे हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मला ही गाडी आवडते. पण आवड वेगळी आणि घड्याळ वेगळं.

आता आपल्या हवेकडे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. एवढ्यानं हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी होतो. त्यात मे महिन्याचं ४० अंशांचं ऊन धरा. इंजिनाची ताकद ज्या १५-२५ अंशांच्या हवेत मोजतात, तिच्या मानानं ही हवा फारच विरळ. समुद्रकिनाऱ्यावरच्या १५ अंशांच्या हवेशी ताडून पाहिलं, तर आपल्या इथं मे महिन्याच्या दुपारी त्याच जागेत सातवा हिस्सा हवा कमी मावते. नैसर्गिक श्वासाचं इंजिन हा तोटा सरळ सोसतं; कंपनीच्या पत्रकातली ताकद आपल्या उन्हात कधीच पुरी मिळत नाही. टर्बो पाइक्स पीकवर केलं तेच इथं करतो: चाक थोडं जास्त फिरवून दाब भरून काढतो. म्हणून दख्खनच्या पठारावर टर्बोचं पारडं किनाऱ्यापेक्षा जड. पण उन्हात त्याचाही एक शत्रू आहे. एकामागून एक फेऱ्या मारल्या की इंटरकूलरची जाळी तापते, मग आत तापलेलीच हवा जाते, इंजिनात अकाली स्फोट होण्याची भीती, म्हणून संगणक स्वतःच ताकद कमी करतो. पहिल्या फेरीत जिंकलेली टर्बो गाडी चौथ्या फेरीत मागे पडते ती अशी. शर्यतीला आलेली मंडळी इंटरकूलरवर बर्फाच्या पिशव्या ठेवताना दिसतात ती हौस म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात ही पट्टी कुठं? लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात अशा शर्यती भरत आल्या. तिथं इव्हो आणि जीटी-आर धावल्या, तशाच आपल्या ओळखीच्या सिटी, सिव्हिक, ऑक्टाव्हियाही. धावपट्टीच का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. ताशी १६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. रेषा ओलांडल्यावर ब्रेककडे पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ४४ मीटर गेले. मग कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांवर थांबायला आणखी शंभरेक. पाव मैलाच्या पुढे दीडशे मीटर अगदी मोकळे हवेत, आणि ते कमीत कमी. जालना रोडवर असा दीडशे मीटरांचा तुकडा मला दाखवा, जिथं रात्री बारालाही रिक्षा, म्हैस किंवा माणूस आडवा येत नाही.

टर्बोच्या मोहाचं आणखी एक कारण सांगायला हवं. नैसर्गिक श्वासाच्या इंजिनातून आणखी दहा अश्वशक्ती काढायच्या तर कॅम, पिस्टन, सायलेन्सर, सगळं बदला. पैसा पाण्यासारखा जातो. टर्बोत दाब वाढवला की तासाभरात पन्नास मिळतात. सुप्राच्या इंजिनाचा ओतीव लोखंडी सांगाडा इतका दणकट, की लोकांनी आतले भाग बदलून त्यातून हजारावर अश्वशक्ती काढल्या. पण तो सांगाडा सुप्राचा. साध्या गाडीच्या इंजिनाला तेवढा दाब दिला तर आतले दांडे वाकतात, पिस्टनला भोकं पडतात. आणि ब्रेक, टायर तर जुनेच राहिलेले असतात.

आता टर्बोचा उशीर पुष्कळ कमी झाला आहे. चाकं लहान आणि हलकी झाली, दाबाचा हिशेब संगणक ठेवतो. खुद्द होंडानं २०१५ मध्ये आपल्या सिव्हिक टाइप आरला टर्बो दिला, निसाननं ३७०झेडच्या जागी २०२२ मध्ये दोन टर्बोंची झेड आणली. जपानी स्पोर्ट्‌स मोटारींत आपल्या दमावर पळणारी टोयोटाची जीआर८६ आणि माझदाची एमएक्स-५ अशी मोजकीच नावं उरली. आपल्या रस्त्यांवर एक-सव्वा लिटरच्या घरगुती गाड्यांतही टर्बो येऊन बसला आहे, चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

भाचा एकदाच गेला अ‍ॅम्बी व्हॅलीला. तीच जुनी सिटी घेऊन, रीतसर हेल्मेट घालून, गाडीची तपासणी करून. शेजारच्या पट्टीवर त्याच्या गटातली एक टर्बो गाडी होती. सिटीला लागले १६.४ सेकंद, तिला १६.७. म्हणजे आमची सिटी वेगवान. तरी भाचा हरला, दीड-दोन गाड्यांच्या अंतरानं! घड्याळाची चिठ्ठी त्यानं घरी आणून मला दाखवली. हिरवा दिवा लागल्यावर समोरचा ०.६ सेकंदात हलला होता, आणि आमचे चिरंजीव १.१ सेकंदात.

ती चिठ्ठी आता गॅरेजमध्ये टेबलाच्या काचेखाली आहे. मागच्याच महिन्यात मी बसलो असताना विशीतला एक मुलगा आला, सिटीला टर्बो बसवून मिळेल का म्हणून विचारू लागला. भाच्यानं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि काचेवर १.१ वर बोट ठेवून म्हणाला, "पहले ये कम करके आ. इसको टर्बो नहीं लगता."